जुनी नाव नव्या घाटावर न्यायची तर

आधीच सांगतो, मी गवंडी आहे, नावाडी नाही. चाळीस वर्षं ओळंबा आणि थापी हातात धरली. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी आमचं गाव. पूल झाल्यापासून तर, म्हणजे नावेने नदी ओलांडायची सोय, बंद पडली आणि त्या तरीची सागवानी नाव अकरा वर्षं करंजाच्या झाडाखाली चिखलात रुतून होती. गेल्या मार्गशीर्षात आम्ही ती दीड किलोमीटर खाली, देवळाजवळच्या नव्या घाटावर जपून ठेवायला नेली. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, ‘तुम्ही केलं कसं?’ प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून काढलं.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण ती आम्ही केली. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही क्रेन बोलावली होती. दोन पट्टे घातले, एक नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एक मागच्या टोकाकडून, आणि म्हटलं, ‘घे वर.’ नाव वीतभर उचलली गेली आणि पोटातून असा आवाज आला की माझ्या छातीत धस्स झालं. मधली फळी तीन फूट चिरली. क्रेनवाल्याचं काही चुकलं नव्हतं. पट्टे कुठं लावायचे ते आम्हीच सांगितलं होतं. ज्यांनी ती नाव तीस वर्षं चालवली ते नाववाले तात्या काठावर उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, “तिला पाण्याची सवय हाय गा. पाणी सगळीकडनं उचलतंय. तुम्ही दोन ठिकाणी धरताय.”

पुढचं सगळं या एका बोलण्यातून निघालंय. नाव उचलायची नाही. पाणी जिथवर नेईल तिथवर पाण्यालाच नेऊ द्यायचं, आणि जमिनीवर आली की पाच-सहा ठिकाणी टेकू द्यायचा.

कागद

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. नाव कुणाची ते आधी ठरवा. कुठं ती जिल्हा परिषदेची असते, कुठं ठेकेदाराच्या घरची, कुठं गावाने वर्गणी काढून केलेली. आमची ठेकेदाराच्या घरची होती. त्यांच्या तिन्ही मुलांच्या सह्यांचं संमतीपत्र घेतलं. तिन्ही म्हणजे तिन्ही, पुण्याला असलेल्या मुलाचीसुद्धा. ग्रामसभेचा ठराव, पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाला अर्ज, पोलीस पाटलांना तोंडी कल्पना.

नवी जागा ठरवताना पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. आमचा घाट निळ्या रेषेच्या आतच येतो, म्हणून चबुतरा बांधायचा हट्ट आम्ही सोडला आणि नाव टेकवायला सुटे लोखंडी घोडे, म्हणजे स्टँड, केले. गवंडी असून चबुतरा सोडताना मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

वजन आणि बाक

वजनाचा अंदाज घेतल्याशिवाय दोरीसुद्धा विकत घेऊ नका. आमची नाव 24 फूट लांब, मध्ये 6 फूट रुंद, बाजू अडीच फूट उंच. तळ आणि बाजू मिळून फळ्यांचं क्षेत्रफळ 230 चौरस फुटांच्या आसपास. जाडी सव्वा इंच, म्हणजे 24 घनफूट लाकूड. आतल्या बरगड्या आणि बसायच्या फळ्या धरून आणखी 10. वाळलेलं सागवान घनफुटाला 18 किलोच्या घरात जातं. 34 गुणिले 18, म्हणजे 612 किलो. पण नाव भिजलेली असणार, त्यात लोखंडी पट्ट्या, खिळे, अकरा वर्षांचा गाळ. आम्ही एक टन धरला आणि तो बरोबर निघाला असं वाटतं. वाटतं म्हणतो, कारण काट्यावर कुणी घातली नाही.

आता बाक, म्हणजे नाव किती वाकलीय ते. गवंडीकामातली अक्कल मला इथं उपयोगी पडली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी सूत ताणून बांधा. मध्ये सूत आणि नावेचा काठ यांच्यात किती अंतर पडतं ते मोजा, खडूने नावेवरच लिहा. आमचं डावीकडे पाऊण इंच, उजवीकडे अर्धा. काम संपेपर्यंत ते सूत सोडायचं नाही. दर टप्प्याला एक माणूस फक्त तेवढं अंतर मोजेल. पाव इंचाने जरी बदललं तरी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि टेकू कुठं कमी पडतोय ते बघायचं. आमच्याकडे हे काम नववीतल्या एका पोरीला दिलं होतं. तिने दोन दिवसांत सहा वेळा काम थांबवलं. सहापैकी चार वेळा तिचं बरोबर होतं. दोनदा सुतावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

महिना कोणता

पावसाळा संपून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि थांबून राहतं. हा फुगवटा म्हणजे तुमची गोदी समजा. पाणी काठाच्या जवळ आलेलं असतं, ओढ कमी असते, ऊन मऊ असतं. फक्त जुनी जागा आणि नवी जागा एकाच फुगवट्यात आहेत का ते बघा. मध्ये बंधारा येत असेल तर नाव बंधाऱ्यावरून उतरवायचा विचार मनातसुद्धा आणू नका. तिथं सरळ गाडीरस्ता धरायचा. बर्गे कधी घालणार, मध्येच काढणार आहेत का, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा. गावातला कुणीतरी ‘मला माहिताय’ म्हणेल. त्याच्यावर जाऊ नका.

आमच्या भागात एक जास्तीची अडचण आहे. याच दिवसांत गळीत हंगाम चालू असतो. ट्रॅक्टर मागायला गेलं की उत्तर येतं, ‘उसाच्या खेपा चालू हायत, संक्रांतीनंतर बघू.’ ट्रॅक्टर आणि चालक यांची तारीख दसऱ्यालाच बांधून घ्या.

आधी भिजवा

अकरा वर्षं उन्हात वाळलेल्या नावेच्या फटींतून माझी करंगळी जात होती. पोरं म्हणाली, सिमेंट भरू. मीच गवंडी, माझ्याकडेच बघत होती सगळी. सिमेंट भरू नका. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट तसं करत नाही. पहिल्याच ओलाव्याला फळीची कड फुटते.

बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात खिळखिळी झाली की आपल्याकडे ती ओढ्यात टाकून ठेवायचे. लाकूड पाणी प्यायलं की आरे घट्ट. नावेचंही तेच. पहिले आठ दिवस नावेत ओली गोणपाटं पसरून ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मग ती काठाला नेऊन (कशी नेली ते पुढे सांगतो) मांडीभर पाण्यात बुडवली. आत दगड रचून, तळाला टेकवून. पाणी एकदम नको, म्हणून आधी गोणपाटं. बारा दिवस ती तशीच होती. गावातले लोक येऊन विचारायचे, ‘नाव वाचवताय का बुडवताय?’ तात्यांना विचारा म्हणायचं. त्यांच्या काळात चालती नावसुद्धा उन्हाळ्यात काम नसलं की मुद्दाम बुडवून ठेवायचे, फळ्या उघडू नयेत म्हणून.

तेराव्या दिवशी दगड काढले, घमेल्यांनी पाणी उपसलं. करंगळीची फट सुरीच्या पात्याएवढी राहिली होती. तिच्यात तेलात भिजवलेला सुती दोरा बोथट छिनीने हलक्या हाताने ठासला. चिरलेल्या फळीवर आतून पत्रा आणि रबर ठोकलं. हे कायमचं नाही, दीड किलोमीटरपुरतं आहे.

माझा भाचा मला मोबाइलवर ‘ग्रेट ब्रिटन’ नावाच्या जहाजाची गोष्ट दाखवत होता. ब्रुनेल नावाच्या इंग्रज इंजिनियरचं लोखंडी जहाज, 1843 मध्ये ब्रिस्टलला पाण्यात सोडलेलं. शेवटी ते फॉकलंड बेटांवर उथळ पाण्यात टाकून दिलं होतं. 1970 मध्ये ते परत आणायचं ठरलं तेव्हा अंगाला ही मोठी चीर. तिथल्या लोकांकडून जुन्या गाद्या मागून घेतल्या आणि त्या चिरेत कोंबल्या. मग तरंगत्या फलाटावर चढवून पार अटलांटिक ओलांडून घरी आणलं. हे ऐकल्यावर पत्रा आणि रबर लावल्याची मला लाज वाटेनाशी झाली.

चिखलातून काठापर्यंत

चिखलात रुतलेली नाव ओढायला जाऊ नका. खालचा चिखल तिला शोषून धरतो, आणि ओढली की तळाची फळी तिथंच राहते. बाजूने चर खणा, त्यात पाणी सोडा, चिखल सैल होऊ द्या. मग रुंद फळीवर बॉटल जॅक ठेवून एका टोकाला एक इंच उचला, लगेच लाकडी ठोकळा सरकवा, दुसऱ्या टोकाला जा. एका वेळी एका इंचाच्या वर नाही. आम्हाला फूटभर उचलायला अख्खा दिवस लागला. चार जॅक, वीसेक ठोकळे, आणि ‘अजून थोडं घ्या की’ म्हणणारे पन्नास बघे.

खाली सेंट्रिंगच्या फळ्यांचा रस्ता करा आणि त्यावर निलगिरीचे गोल वासे आडवे टाका, चार-पाच इंच जाडीचे, दोन-दोन फुटांवर. नावेचा तळ थेट वाशांवर नको. तळाखाली लांबीत दोन जाड फळ्या बांधून घ्या, म्हणजे भार वाटला जातो. नाव पुढे गेली की मागचा वासा काढून पुढे आणायचा. वासा हाताने सरळ करायचा नाही, काठीने ठोकायचा. बोटं सगळ्यांना सारखीच प्यारी असतात, पण घाईत आठवण राहत नाही.

उतारावर ओढणाऱ्या दोरीपेक्षा मागून धरून ठेवणारी दोरी महत्त्वाची. मागे पक्की मेख ठोका, दोरीचे तीन वेढे मेखेला द्या आणि शेपूट एका शांत माणसाच्या हातात द्या. वेढ्यांच्या घर्षणाने एक माणूस टनभर नाव धरून ठेवतो. जुने लोक मोटेचा नाडा असाच खुंटाला वळसा देऊन धरायचे.

दोरी कुठली? आम्ही नायलॉनची घेतली, स्वस्त आणि मजबूत म्हणून. नायलॉन ताणतं. ताणता ताणता रबरासारखं होतं आणि तुटलं की चाबकासारखं मागं येतं. आमची तुटली तेव्हा मध्ये एक प्लॅस्टिकची बादली होती, तिचे दोन तुकडे झाले. माणूस असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. पॉलिएस्टरची घ्या, कमी ताणते. आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत कुणालाही, सरपंचालासुद्धा, उभं राहू देऊ नका.

माणसं

आम्ही 26 जण होतो. तीन प्रकारची माणसं लागतात. भोई समाजातली जुनी नावाडी मंडळी, त्यांना नाव कळते. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारी पोरं, त्यांना पाणी कळतं. आणि गणपती मंडळाचे कार्यकर्ते, ज्यांच्यात ताकद आहे पण ज्यांना ‘हळू’ हा शब्द शिकवावा लागतो. मंडळाची सवय अशी की घोषणा झाली की सगळे एका झटक्यात जोर लावतात. नावेला झटका नको. आम्ही घोषणाच बंद केल्या. ‘सोड’, ‘ओढ’ आणि ‘थांब’ एवढे तीन शब्द. पहिले दोन फक्त तात्या म्हणणार, ‘थांब’ मात्र कुणीही ओरडू शकतो, आणि ओरडणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही.

बायका स्वयंपाकापुरत्या, असं गृहीत धरू नका. चेन पुली ओढायला आमच्या दोन वहिनी होत्या. त्यांचा हात एकसारखा चालतो, पुरुषांसारखा धसमुसळेपणा नाही. स्वयंपाक म्हणाल तर सकाळी भडंग आणि चहा, दुपारी भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भात ठेवू नका, जेवणानंतर माणसं आडवी होतात.

पाण्यावरून

सकाळी साडेसहाला सुटलो, वारा उठायच्या आत. नावेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन निळे 200 लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप, बुचं घट्ट लावून, काठाच्या खाली बांधले होते. एक पिंप पाण्यात पूर्ण दाबलं गेलं तर 190 किलोच्या आसपास भार तोलतं. चार म्हणजे साडेसातशेच्या वर. नाव आतून पूर्ण भरली तरी तळाला जाणार नाही एवढी सोय. आत फक्त तिघे, तात्या बांबू घेऊन आणि दोघे घमेली घेऊन.

ओढायला यांत्रिक बोट फुकट मिळत होती, ती घेतली नाही. इंजिनचा हिसका जुन्या खिळ्यांना सोसत नाही. दोन शर्यतीच्या होड्या पुढे लावल्या, पोरांना सांगितलं की आज शेवटचा येणारा जिंकला. दीड किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं लागली.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालासुद्धा. आमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा काय झालं ते इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्यात एक पट्टीचा पोहणारा जॅकेट घालायला तयार नव्हता. तात्यांनी त्याला काठावर चहा वाटायला बसवला.

घाटावर चढवणं

पायऱ्यांवरून नाही, बाजूच्या उतरणीने. आमची उतरण आठ फुटांना एक फूट चढते. टनाच्या वजनाला चढाचे 125 किलो, वाशांचं घर्षण धरून सव्वादोनशे-अडीचशे किलोची ओढ. एक टनी चेन पुलीला हे काहीच नाही. प्रश्न पुली कशाला बांधायची हा असतो. झाडाला बांधणार असाल तर सालीभोवती पोती गुंडाळा. आम्ही ट्रॅक्टर आडवा लावला, चाकांना दगड घातले. पुलीची साखळी संपली की नाव मेखेला बांधून पुली पुढे न्यायची, असं आठ-नऊ फुटांचा एक डाव. सहा डाव झाले. मध्ये सूत मोजणं चालूच.

घोडे पाच केले होते. ज्याने वेल्डिंग केलं त्याने माथे सपाट केले, नावेचा तळ मात्र किंचित गोल. पहिल्यांदा ठेवली तर भार फक्त मध्यावर. मग मी तळाच्या आकाराचे पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे साचे, कापले, पाचही ठिकाणचे वेगळे, आणि त्याबरहुकूम बाभळीचे ठोकळे तासून माथ्यावर बसवले, वर जुन्या टायरचे तुकडे. पाण्याच्या लेव्हल पाइपने पाचही घोडे एका पातळीत आणले. फर्मे आधी घेतले असते तर नाव एक रात्र वाशांवर काढली नसती. तुम्ही आधी घ्या.

वाळवणं

लोकांना वाटतं, नाव वर आली, नारळ फुटला, झालं. नाव फुटते ती यानंतर. भिजलेलं लाकूड उन्हात आठ दिवसांत वाळलं की उभी चीर जाते. स्वीडनचं ‘वासा’ नावाचं जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, 1961 मध्ये वर काढलं, आणि त्यानंतर 17 वर्षं त्याच्यावर औषधी द्रावणाचा फवारा चालू होता. 1988 मध्ये नव्या संग्रहालयात नेलं तेव्हाही त्याला उचलून नेलं नाही. तरंगत्या फलाटावर ठेवून पाणी भरलेल्या गोदीत आत घेतलं. आपण एवढं करू शकत नाही, पण ओली गोणपाटं दोन महिने घालू शकतो. पहिले पंधरा दिवस रोज पाणी, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. वर पत्र्याचं छप्पर, पण बाजू उघड्या, आणि तळाखालून वारा खेळता.

पूर्ण वाळल्यावर जवसाचं तेल, पातळ हात, दोन हातांत आठवडाभराचं अंतर. ऑइल पेंट देऊ नका. गावातल्या एकाने देणगी म्हणून निळा रंग आणून दिला, तो आम्ही शाळेच्या फाटकाला लावला. घोड्यांच्या पायांशी वाळवी चढते का ते दर महिन्याला बघायचं. पायांभोवती मातीचा ढीग साचू देऊ नका.

सगळा खर्च 41 हजारांच्या आसपास आला. त्यातले 14 हजार घोड्यांचे, आणि 6 हजार त्या पहिल्या क्रेनचे, जे पाण्यात गेले. मुंबईत ‘विक्रांत’सारखी विमानवाहू युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली होती, तीही खर्च झेपेना म्हणून 2014 मध्ये भंगारात निघाली. तेव्हा वर्गणी मागताना पहिल्याच सभेत सांगून टाका, की दरसाल तेलाला आणि छपराला पैसे लागणार. आमच्याकडे दर दसऱ्याला घरटी वीस रुपये ठरलेत.

पुराची तयारी

हे राहिलं तर सगळं पाण्यात, आणि मी शब्दशः म्हणतोय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. एवढं पाणी आलं की घोड्यांवरची नाव आपोआप तरंगते आणि निघून जाते. तिला दोन गोष्टी लागतात. चार कोपऱ्यांना साखळ्या, जमिनीत पक्क्या रोवलेल्या आणि किंचित सैल. आणि तळाला एक बूच. जून लागला की ते काढून ठेवायचं, म्हणजे पाणी आत शिरतं, नाव जड होते आणि जागेवर राहते. दिवाळीनंतर पुन्हा बसवायचं. आत चार-सहा दगडही ठेवा, पण बरगड्यांवर, फळ्यांवर नाही.

बूच कुणाकडे राहणार ते नक्की करा. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात ते तिघांनी एकमेकांकडे असल्याचं सांगितलं आणि शेवटी तात्यांच्या नातवाच्या दप्तरात सापडलं. आता दोन बुचं करून घेतलीत. एक तात्यांच्या घरी, एक माझ्या ओळंब्याच्या पिशवीत.